‘आढळले नाही’ हेही लिहावे लागते

कर्करोगाचे निदान झालेल्या घरात थोड्याच दिवसांत एक फाईल तयार होते. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले असे सारे तिच्यात साठत जाते आणि ती फाईल सांगलीहून मुंबईला, सोलापूरहून पुण्याला, एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे प्रवास करू लागते. या जाडजूड फाईलमध्ये एक-दोन पानांचा एक कागद असतो. अनुभवी कर्करोगतज्ज्ञ बाकीची पाने बाजूला सारून आधी तोच शोधतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा तो अहवाल. आपल्या बोलण्यात ‘तुकड्याचा रिपोर्ट’. रोग कोणत्या जातीचा आहे, किती खोल गेला आहे, कापलेल्या कडेपर्यंत पोहोचला होता काय, लसिकाग्रंथींत शिरला आहे काय, हे त्यात लिहिलेले असते. पुढे किरणोपचार द्यावयाचे, त्यांच्या जोडीला केमोथेरपी द्यावयाची, की रुग्णास केवळ ठरावीक काळाने तपासणीस बोलवावयाचे, हा निर्णय मुख्यत्वे याच कागदाच्या आधाराने होतो.

एवढे ज्याच्यावर अवलंबून आहे तो कागद लिहावा कसा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटेल. वैद्यकविश्वाने मात्र त्यावर गेली चाळीस वर्षे विचार केला आहे, आणि त्या विचारातून आज संगणकावर भरावयाचे प्रमाणित अहवाल पुढे आले आहेत. त्यांची ओळख रुग्णाच्या नातलगांनाही असावी असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

अहवालामागचे काम आधी पाहू. शस्त्रक्रियागृहातून आलेला भाग फॉर्मॅलिनच्या द्रावणात बुडवून प्रयोगशाळेत पोहोचतो. तेथे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, प्रथम तो नुसत्या डोळ्यांनी न्याहाळतात, मोजतात, आणि त्याच्या कापलेल्या कडांना शाई लावतात. ही शाई पुढे सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. रोगट पेशी शाईपासून किती मिलिमीटर दूर थांबल्या आहेत यावरून रोग पूर्ण निघाला की नाही याचा अंदाज येतो. मग नेमक्या जागांचे लहान तुकडे घेऊन ते पॅराफिनच्या मेणात बसवितात. त्या मेणाच्या ठोकळ्यातून सुमारे चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दशांशाइतकेही नसणारे काप काढतात आणि काचपट्टीवर चढवून हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवितात. पेशींची केंद्रे निळीजांभळी आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसू लागतो. त्या रंगीत नकाशावरून नजर फिरवीत विकृतिशास्त्रज्ञ आपले मत बनवितात.

हे मत पूर्वी निबंधासारखे लिहिले जाई. डॉक्टर सांगत, टंकलेखक टंकित करी. त्यांतले काही अहवाल उत्तम गद्याचे नमुने असत यात शंका नाही. परंतु निबंधात लेखकाला सुचेल ते येते आणि न सुचलेले राहून जाते. समजा, अहवालात असे म्हटले आहे की मानेतील दोन लसिकाग्रंथींत रोग आढळला. ग्रंथीचे कवच फोडून तो बाहेर पडला होता काय, याविषयी एक अक्षरही नाही. या मौनाचा अर्थ काय घ्यावा? डॉक्टरांनी बारकाईने पाहिले आणि तसे काही नव्हते, असा अर्थ होऊ शकतो. त्यांनी त्या दृष्टीने पाहिलेच नाही, असाही होऊ शकतो. किंवा पाहिले, दिसले, सांगितले आणि टंकित करताना ओळ गळाली, हेही संभवते. वाचणाऱ्या शल्यचिकित्सकाला या तिन्हींत फरक करता येत नाही. आणि अहवाल पूर्ण असला तरी तो नीट समजेलच असे नाही. अमेरिकेतील येल येथील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शल्यचिकित्सकांना अहवाल समोर ठेवूनच त्यावर प्रश्न विचारले होते. सुमारे तीस टक्के वेळा त्यांना विकृतिशास्त्रज्ञाचे म्हणणे नीट उमगले नव्हते. दोन्ही बाजूंना तज्ज्ञ माणसे होती. मध्ये भाषा होती.

आपल्याकडे या प्रश्नाची धार सर्वांत जास्त जाणवते ती तोंडाच्या कर्करोगात. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी आपल्या गावोगावी हा आजार पसरविला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची दारे १९४१ साली उघडली, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. भारतीय समाजांच्या निरनिराळ्या सवयी आणि त्यांच्यात आढळणारे कर्करोग यांचा संबंध शोधण्याचे मोठे काम त्यांनी केले. त्यांच्या काळी गाठीची जात आणि तिचा आकार कळला की बरेच काही कळले असे मानले जाई. आज तेवढ्याने भागत नाही.

गाठीच्या प्रसाराची अवस्था ठरविण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्या २०१८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगासाठी आकाराच्या जोडीला ‘खोली’ हा निकष आला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि तिची खोली पाच मिलिमीटरपर्यंत असेल, तरच ती पहिल्या श्रेणीत बसते. पावणेदोन सेंटिमीटरची गाठ सात मिलिमीटर खोल गेली असेल, तर ती दुसऱ्या श्रेणीत जाते. आता खोली आणि जाडी या एकच गोष्टी नाहीत. वर फुलून आलेल्या गाठीची जाडी पुष्कळ असून खोली थोडी असू शकते. उलट व्रण पडून मध्येच खचलेली गाठ पातळ दिसते, पण आत खूप शिरलेली असते. म्हणून शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाची पातळी धरून, तेथून खाली लंब टाकून खोली मोजावी लागते. जुन्या सवयीने कोणी ‘गाठीची जाडी सात मिलिमीटर’ असे लिहिले, तर तो आकडा अचूक असूनही श्रेणी ठरविण्याच्या कामाचा नाही.

लसिकाग्रंथीच्या कवचाचेही तसेच. २००४ साली युरोप व अमेरिका येथील दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांच्या जोडीला केमोथेरपी दिल्याचा लाभ मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना होतो: ज्यांच्या कापलेल्या कडेवर रोग शिल्लक आहे, आणि ज्यांच्या ग्रंथींतील रोग कवचाबाहेर गेला आहे. म्हणजे मघाशी आपण ज्या मौनाचा विचार केला, त्या एका ओळीवर काही आठवड्यांचे कठीण उपचार ठरतात. ती ओळ नसेल तर एखाद्याला नको असलेली केमोथेरपी सोसावी लागेल, आणि एखाद्याला हवी असलेली मिळणार नाही. दुसरी शक्यता अधिक भयंकर, कारण ती कळेपर्यंत कदाचित वर्ष उलटलेले असेल.

हे मौन मोडण्याचा उपाय तसा साधा निघाला: प्रश्नांची यादी. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या महाविद्यालयाने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटनेने, १९८६ पासून प्रत्येक अवयवाच्या कर्करोगासाठी अहवालात काय काय असावे याचे मसुदे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. १९९२ साली याच संस्थेच्या एका पाहणीचे निष्कर्ष आले. ५३२ प्रयोगशाळांतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे १५,९४० अहवाल तिच्यात तपासले होते. ज्या प्रयोगशाळा प्रश्नावली समोर ठेवून लिहीत, त्यांचे अहवाल अधिक पूर्ण असल्याचे आढळले. पुढे २००४ पासून तेथील शल्यचिकित्सकांच्या संस्थेने आपली मान्यता हवी असलेल्या कर्करोग केंद्रांवर अत्यावश्यक मुद्दे अहवालात असण्याचे बंधन घातले. निरनिराळ्या देशांच्या प्रश्नावल्या एकमेकींपासून भिन्न होऊ नयेत म्हणून २०११ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, अमेरिका आणि कॅनडा येथील संस्थांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिले. त्या मंडळाचे मसुदे कोणासही विनामूल्य वापरता येतात, ही आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे.

प्रश्नावली कागदावर होती तोवर तिच्यातील रकाना रिकामा सोडता येई. संगणकाने ती पळवाट बंद केली. विकृतिशास्त्रज्ञ पडद्यावर अवयव निवडतात; त्या अवयवाचे प्रश्न समोर येतात; प्रत्येकापुढे ठरलेल्या उत्तरांची सूची असते. ‘ग्रंथींत रोग आहे’ असे उत्तर दिले की लगेच पुढचे प्रश्न उघडतात: किती ग्रंथी तपासल्या, कितींत आढळला, सर्वांत मोठा ठिपका केवढा, कवचाबाहेर गेला काय. ‘आहे’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक उत्तर द्यावेच लागते. त्याशिवाय अहवालावर स्वाक्षरीच होत नाही. मोजमापे भरली की प्रसाराची श्रेणी संगणक स्वतः काढून देतो आणि डॉक्टर ती तपासून घेतात. नियमावली बदलली, जशी तोंडाच्या कर्करोगाची बदलली, की नवा रकाना एकाच वेळी सर्व जोडलेल्या प्रयोगशाळांत पोहोचविता येतो. ड्रॉवरमधले जुने छापील नमुने संपेपर्यंत वापरण्याची आपली काटकसर येथे चालत नाही, हे बरेच झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अहवालाची पीडीएफ पाहून आपल्याला वाटते की हे सारे आपल्याकडे केव्हाच डिजिटल झाले. पण ते निबंधाचे छायाचित्र झाले, एवढेच. कॅनडाच्या ओन्टारियो प्रांतातील तज्ज्ञांनी अशा अहवालांच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर मुक्त निबंध. मध्ये शीर्षकांखाली मांडलेला अहवाल. मग पडद्यावरच्या सूचीतून भरलेला. आणि सर्वांत वर असा अहवाल, ज्यातील प्रत्येक उत्तर स्वतंत्र रकान्यात साठविलेले असून त्याला आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक आहे, त्यामुळे एका रुग्णालयाच्या संगणकाने लिहिलेले दुसऱ्याच्या संगणकाला जसेच्या तसे कळते. हॉलंडमध्ये १९७१ साली सुरू झालेले विकृतिशास्त्र अहवालांचे राष्ट्रीय जाळे १९९१ पासून सगळ्या देशाला व्यापून आहे. तेथे एखाद्या रुग्णाने गाव बदलले तरी त्याची जुनी तपासणी नव्या विकृतिशास्त्रज्ञाला पाहता येते. आपल्याकडे ते काम ती फाईल करते, आणि फाईल रेल्वेत विसरता येते.

आपल्या देशात हा पाया अगदीच नाही असे मात्र नाही. वर ज्या सांकेतिक क्रमांकांचा उल्लेख केला, त्यांच्या ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय संग्रहाचे सदस्यत्व भारताने २०१४ साली घेतले, आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये आहे. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे देशभरच्या रुग्णालयांत उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे पोहोचविण्याचे काम करीत आहे. याशिवाय कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी मुंबईत १९६३ पासून होते, आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली अशी नोंदणी १९८७ साली सुरू झाली ती सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला. कोणत्या तालुक्यात कोणता कर्करोग वाढतो आहे हे अशा नोंदणीतूनच कळते. ती करणारी माणसे रुग्णालये आणि प्रयोगशाळांचे उंबरे झिजवून, निबंधवजा अहवाल वाचून, त्यातून एकेक मुद्दा वेचत आली आहेत. अहवालच रकान्यांत आला तर त्यांचे किती श्रम वाचतील, आणि गाळलेल्या माहितीपायी किती रकाने रिकामे राहणार नाहीत!

तरीही यंत्राचे गुणगान मर्यादेत राहिलेले बरे. संगणक विचारतो, पाहत नाही. सूक्ष्मदर्शकाखालची नजर माणसाचीच असते. अलीकडे काचपट्टीचे संपूर्ण छायाचित्र घेऊन त्यातील संशयास्पद जागा दाखविणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. प्रोस्टेटच्या तुकड्यांसाठी अशा एका प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली परवानगी दिली. परंतु अखेरची स्वाक्षरी विकृतिशास्त्रज्ञाचीच. शिवाय सूचीतून निवडण्याचे काम सोपे असले की चुकीची ओळ निवडणेही सोपे होते: ‘डावी’च्या जागी ‘उजवी’, ‘नाही’च्या जागी ‘आहे’. काही प्रणालींत उत्तर आधीच भरून ठेवलेले असते आणि वेगळे असेल तरच बदलावयाचे असते. ही सोय मला घातक वाटते. भरून ठेवलेले ‘नाही’ हे ते जुने मौनच होय. फक्त आता ते छापील अक्षरांत बोलते. आणि काही गाठी कोणत्याच सूचीत बसत नाहीत. अशा वेळी विकृतिशास्त्रज्ञाला चार वाक्ये मोकळेपणाने लिहिता आली पाहिजेत. ‘आम्हांला कारकून करता काय?’ असा आक्षेप काही ज्येष्ठ डॉक्टर घेतात, तो अगदीच निराधार नाही. चांगल्या प्रणालीत रकान्यांच्या शेवटी अभिप्रायासाठी मोकळी जागा ठेवलेली असते.

लहान गावांत तर संगणकाच्याही आधीच्या अडचणी आहेत. स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. संप्रेरकांचे व हर-टूचे ग्राहक तपासावयाचे असतील तर काढलेला भाग तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. प्रमाणित अहवालात या वेळांचा रकाना असतो. पण शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया झाली, बरणी लहान पडली, फॉर्मॅलिन अपुरे होते, आणि नातेवाइकांनी ती बरणी पिशवीतून सोमवारी जिल्ह्याच्या गावी नेली, तर त्या रकान्यात काय भरणार? बरणीसोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय आणि ‘तपासणीसाठी’ एवढाच मजकूर असतो. वरची बाजू कोणती, जिभेकडची कोणती, हे दाखविणारा टाका घातलेला नसतो. मग कडांना कितीही शाई लावली तरी ‘कोणत्या कडेवर रोग आहे’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर त्या रकान्यात वारंवार येऊ लागले, की प्रयोगशाळेला शस्त्रक्रियागृहाशी बोलावेच लागते. महागड्या प्रणालीविनाही एवढे साधता येते; विनामूल्य मसुदा साध्या संगणकावर उतरवून घेतला तरी पुरे.

नातलगांच्या हाती काय आहे? अहवाल वाचून निदान करू लागणे धोक्याचे; परंतु तो पूर्ण आहे काय हे विचारणे आपला अधिकार आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल तर गाठीचा आकार, तिची खोली, प्रत्येक कडेपासूनचे अंतर, तपासलेल्या ग्रंथींची संख्या, रोग आढळलेल्या ग्रंथींची संख्या आणि कवचाविषयीची नोंद या गोष्टी अहवालात आहेत काय, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निदान बारा लसिकाग्रंथी तपासल्या जाव्यात असा संकेत आहे. तेथे ती संख्या विचारावी. एखादी गोष्ट राहून गेली असेल तर विकृतिशास्त्रज्ञ त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहून पुरवणी अहवाल देऊ शकतात. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. बहुतेक वेळा नवा तुकडाही लागत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या बहात्तर तासांत द्याव्या लागतात. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचेही बंधन आहे.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ अहवाल नेऊ नये. काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत ब्लॉक म्हणतात, तेही मागून घ्यावेत. काचपट्टी फुटते, तिचा रंग उतरतो. ठोकळ्यातून मात्र वर्षांनंतरही नवा काप काढता येतो आणि आज उपलब्ध नसलेली तपासणी उद्या त्यावर करता येते. उन्हाळ्यात ते मोटारीच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावरच्या सामानात ठेवू नयेत, मेण मऊ पडते. आणि प्रयोगशाळेतून घेताना ठोकळ्यावरचा क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हे तेथेच, खिडकीसमोर उभे असताना, पाहून घ्यावे.